प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या शाळा आणि त्यांचे इतिहासकार

स्थानिक इतिहासाकडे आपला सुशिक्षित वाचक काहीशा कनवाळू दृष्टीने पाहतो. साम्राज्यांचे उदयास्त लिहील तो इतिहासकार. एखाद्या तालुक्याचा, पेठेचा किंवा शाळेचा वृत्तांत लिहील तो पेन्शन घेतल्यावर वेळ घालविण्यास काही उद्योग शोधणारा सद्गृहस्थ, अशी एक अलिखित वर्गवारी रूढ होऊन बसली आहे. या वर्गवारीस मुळीच आधार नाही असेही म्हणवत नाही. गावोगावच्या स्मरणिका आणि शताब्दीग्रंथ ज्यांनी चाळले असतील, त्यांस अध्यक्षांच्या छायाचित्रांचा व देणगीदारांच्या याद्यांचा वीट आलेला असणे स्वाभाविक आहे. तथापि हा दोष विषयाच्या लहानपणाचा नसून लिहिणाराच्या दृष्टीचा आहे, असे आमचे मत पूर्वीपासून होते. आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका लहानशा काउंटीविषयी लिहिले गेलेले सहा ग्रंथ अलीकडे ओळीने वाचल्यावर ते अधिकच दृढ झाले. त्या सहांपैकी दोघांनी जे केले व इतरांनी जे करावयाचे राहू दिले, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील तालुका समजावा. प्रिन्स एडवर्ड ही काउंटी व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड शहराच्या पश्चिमेस साठ-पासष्ट मैलांवर आहे. १७५४ साली अमिलिया काउंटीतून ती वेगळी काढण्यात आली आणि इंग्लंडच्या राजघराण्यातील एका राजपुत्राचे नाव तिला मिळाले. ॲपोमॅटॉक्स नदी, तंबाखूची शेते, फार्मव्हिल हे मुख्य गाव, १७७५ साली स्थापन झालेले हॅम्पडन-सिडनी कॉलेज आणि फार्मव्हिलमधील जुने स्त्रीविद्यालय, ज्याचे आता लाँगवुड विद्यापीठ झाले आहे, एवढे सांगितले म्हणजे तिची बाह्य ओळख संपते. यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८६५ मध्ये, जनरल ली यांचे थकलेले सैन्य याच गावातून पुढे गेले आणि दोन दिवसांनी शेजारच्या ॲपोमॅटॉक्स येथे शरण आले. दक्षिणेतील शेकडो काउंट्यांहून तिच्यात वेगळे असे काही दिसत नाही. १९५० च्या सुमारास तिची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास होती आणि तीत जवळजवळ निम्मे लोक कृष्णवर्णीय होते.

या काउंटीत १९३९ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी एक हायस्कूल बांधण्यात आले. त्यास रॉबर्ट रुसा मोटन यांचे नाव देण्यात आले. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र मराठीत आलेले असल्यामुळे टस्कीगी येथील त्यांची संस्था आपल्या वाचकांस अपरिचित नाही. मोटन हे १९१५ साली त्याच संस्थेचे वॉशिंग्टन यांच्या मागून प्रमुख झाले आणि त्यांचे बालपण या काउंटीत गेले होते. इमारत १८० मुलांपुरती होती. दहाबारा वर्षांत मुले साडेचारशेंच्या वर गेली. अधिकाऱ्यांनी नवी इमारत बांधण्याऐवजी आवारात डांबरी कागदाने मढविलेल्या लाकडी खोपटी उभारल्या. पावसात त्या गळत आणि हिवाळ्यात शेगडीजवळचे मूल भाजून निघे व दारापाशी बसलेले कुडकुडे. जेवणघर नाही, व्यायामशाळा नाही, विज्ञानाची प्रयोगशाळा नाही. आणि गोऱ्या मुलांच्या हायस्कुलात हे सर्व होते.

२३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स या मुलीने मुख्याध्यापकांस काही निमित्ताने शाळेबाहेर पाठविण्याची तजवीज केली, मुलांस सभागृहात गोळा केले, शिक्षकांस बाहेर जावयास सांगितले, आणि सर्व शाळेसह बहिष्कार पुकारला. मुलांची मागणी नव्या इमारतीची होती. रिचमंडहून आलेले ऑलिव्हर हिल आणि स्पॉटसवुड रॉबिन्सन हे वकील मात्र म्हणाले की, वेगळ्या पण चांगल्या शाळेसाठी आम्ही भांडणार नाही. वेगळेपणच नाहीसे करावे असा दावा लावावयाचा असेल तर उभे राहू. मुलांनी व त्यांच्या आईबापांनी ते मान्य केले. त्या दाव्यास नववीतील एका मुलीचे, डोरोथी डेव्हिस हिचे, नाव यादीत पहिले होते म्हणून तिचे नाव पडले. तो पुढे ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या नावाने विख्यात झालेल्या दाव्यांत सामील करण्यात आला, आणि १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाविरुद्ध ठरविला.

येथवरची कथा विजयाची आहे आणि जगभर ठाऊक आहे. पुढची तितकी ठाऊक नाही. काउंटीच्या कारभारी मंडळाने पाच वर्षे टाळाटाळ केली. आणि १९५९ साली, आता यापुढे एकत्र शाळा चालविल्याच पाहिजेत असा न्यायालयाचा निर्वाणीचा हुकूम झाला तेव्हा, शाळांसाठी एक डॉलरही मंजूर करावयाचा नाही असे ठरविले. सर्व सार्वजनिक शाळांस कुलुपे लागली आणि ती १९६४ पर्यंत निघाली नाहीत. गोऱ्या मुलांसाठी ताबडतोब एक खाजगी विद्यालय सुरू झाले. प्रारंभी चर्चच्या व सभागृहांच्या खोल्यांतून, मग स्वतःच्या इमारतीत. आणि काही काळ सार्वजनिक पैसाही शिष्यवृत्तीच्या व करसवलतीच्या वाटेने तिकडे वळविण्यात आला. सुमारे सतराशे कृष्णवर्णीय मुले आणि फी न झेपणारी काही गरीब गोरी मुले शाळेवाचून राहिली. कोणी दुसऱ्या काउंटीतील आत्याच्या किंवा मावशीच्या घरचा पत्ता देऊन तेथे शिकले. काहींस क्वेकर पंथाच्या लोकांनी उत्तरेतील अनोळखी कुटुंबांत नेऊन ठेवले. कित्येक चर्चच्या तळघरांतील वर्गांत थोडेबहुत वाचावयास शिकले. आणि पुष्कळजण तंबाखूच्या शेतात गेले ते तेथेच राहिले. १९६३ साली केनेडी सरकारच्या प्रयत्नाने वर्षभर तात्पुरत्या मोफत शाळा चालल्या. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रिफिन यांच्या दाव्यात निकाल दिला आणि त्या वर्षी सार्वजनिक शाळा पुन्हा उघडल्या.

आता ग्रंथांकडे वळू. यातील पहिला खरे पाहता ग्रंथ नव्हे. सरकारी श्रमखात्याच्या पत्रिकेत १८९८ साली प्रसिद्ध झालेला एक दीर्घ अहवाल आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे तेव्हा तिशीतही नव्हते. १८९७ च्या उन्हाळ्यात ते फार्मव्हिलला येऊन राहिले, घरोघर हिंडले, आणि गावातील कृष्णवर्णीय लोकांची कुटुंबे, वये, मजुरी, घरे, जमीन, साक्षरता, शाळेत जाणारी व न जाणारी मुले यांची मोजदाद केली. वाचावयास हा अहवाल कोरडा आहे, यात शंका नाही; कोष्टकामागून कोष्टक येते. परंतु त्या कोरडेपणातच त्याचे मोठेपण आहे. ज्या लोकांविषयी प्रत्येक गोऱ्या गृहस्थाचे एक ठाम मत होते आणि कोणापाशीही माहिती नव्हती, त्यांच्या दारात जाऊन त्यांस विचारावे, ही कल्पनाच त्या काळी नवी होती.

१८९८ हे साल आले म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच वर्षी आपल्याकडे राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. बखरींवर विसंबू नका, अस्सल कागद शोधा, हा राजवाड्यांचा मंत्र मराठी इतिहाससंशोधनाने शिरोधार्य मानला आणि त्याचे फळही भरघोस मिळाले. पण अस्सल कागद कोणाच्या घरी असतो? ज्याच्या घरी दप्तर असते त्याच्या. देशमुख, देशपांडे, सरदार, सावकार यांच्या माळ्यांवर रुमाल होते म्हणून त्यांचा इतिहास झाला. ड्यू बॉइस यांच्यापुढील लोकांपाशी दप्तर नव्हते. तेव्हा त्यांनी कागद शोधला नाही, तयार केला. दोघेही सत्यनिष्ठ, दोघेही श्रमाला न भिणारे. परंतु ज्यांच्यापाशी कागद नाही त्यांचे काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर फार्मव्हिलच्या उन्हात फिरणाऱ्या त्या तरुणापाशी होते आणि आपल्या परंपरेपाशी पुढे बराच काळ नव्हते. हे म्हणताना राजवाड्यांविषयीच्या आमच्या आदरास कोठेही बाध येत नाही.

प्रसंगाने आणखी एक दुवा. १८७३ साली जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी कृष्णवर्णीयांस दास्यातून मुक्त केले त्यांस अर्पण केले, हे सर्वश्रुत आहे. १९४६ साली डॉ. आंबेडकर यांनी याच ड्यू बॉइस यांस पत्र लिहिले, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केला असल्याचे सांगितले, आणि संयुक्त राष्ट्रसंघापुढे त्यांच्या वतीने ठेवलेल्या अर्जाची माहिती मागविली. ड्यू बॉइस यांचे उत्तरही आले. तेव्हा या काउंटीचा पहिला विश्वसनीय वृत्तांत लिहिणारा माणूस आपल्यास अगदीच परका नाही.

दुसरा ग्रंथ हर्बर्ट क्लॅरन्स ब्रॅडशॉ यांचा, १९५५ साली प्रसिद्ध झालेला, काउंटीचा जाडजूड इतिहास. अगदी पहिल्या वसाहतीपासून १७५४ च्या स्थापनेतून द्विशतसांवत्सरिक वर्षापर्यंतचा, असे त्याच्या लांबलचक नावातच सांगितले आहे. ब्रॅडशॉ यांच्या परिश्रमाविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. काउंटीच्या जुन्या काळाविषयी काही पाहावयाचे झाले की त्यांचा ग्रंथ हाताशी घ्यावा लागतो. परंतु द्विशतसांवत्सरिक वर्ष म्हणजे १९५४! ज्या वर्षाने उत्सवाचा समारोप व्हावयाचा, त्याच वर्षाच्या मे महिन्यात या काउंटीच्या नावाने चालविलेल्या दाव्यात शंभर वर्षांच्या रीतीचा निकाल लागला. उत्सवासाठी लिहिलेल्या इतिहासाचे हेच दुर्दैव असते. त्याचा शेवट आधी ठरलेला असतो, आणि तो शेवट नेहमी सुखाचा असावा लागतो. दोनशे वर्षांची वाटचाल पूर्ण झाली, आता मागे वळून कृतज्ञतेने पाहावे, असा त्या प्रकाराचा भाव. आणि तसे पाहणाऱ्याची पाठ नेमकी येणाऱ्या संकटाकडे असते. चार वर्षांनी त्या काउंटीत इतिहास वाचावयास शिकविणारी एकही सार्वजनिक शाळा उघडी राहणार नव्हती.

यावरून आम्हांस आमचाच एक अनुभव आठवतो. एका जुन्या शाळेच्या शताब्दीग्रंथाच्या संपादक-मंडळावर काम करण्याचा योग आम्हांस आला होता. देणगीदारांची यादी पंधरा पृष्ठे भरली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील पहिला विद्यार्थी त्या शाळेत वर्गात, इतरांच्या बाकावर, कोणत्या साली बसला, असा प्रश्न आम्ही एका बैठकीत काढला. दाखल्यांची जुनी पुस्तके वाळवीने खाल्ली आहेत, असे उत्तर मिळाले. देणग्यांची पावतीपुस्तके मात्र सुस्थितीत होती. आम्हीही तो प्रश्न पुढे रेटला नाही. ग्रंथ वेळेवर निघाला, आणि त्यात आमचे नाव आहे.

बॉब स्मिथ यांचे १९६५ चे पुस्तक या सर्वांत आम्हांस सरस वाटले. स्मिथ हे वृत्तपत्रकार होते, इतिहासकार नव्हते. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, भांडणाची धग विझली नव्हती, आणि दोन्ही पक्षांची माणसे हयात होती. स्मिथ त्या सर्वांकडे गेले: बहिष्कारात पुढे असलेल्या मुलांकडे, त्यांचे पाठीराखे पाद्री ग्रिफिन यांच्याकडे, आणि शाळा बंद करणेच योग्य असे आपल्या पत्रातून सातत्याने प्रतिपादणारे 'फार्मव्हिल हेरल्ड'चे संपादक वॉल यांच्याकडेही. शाळा बंद करणारी माणसे राक्षस नव्हती. गावात मान असलेले, चर्चला नियमाने जाणारे, शेजाऱ्याच्या अडचणीस धावणारे गृहस्थ होते, हे स्मिथ दाखवितात, आणि दाखवून त्यांची सुटका करीत नाहीत. याला लेखणीचा तोल म्हणतात. दोष काढावयाचाच तर हा, की त्यांच्या पुस्तकात पुढारी बोलतात. ज्यांच्या शाळेला कुलूप लागले ती सहा-सात वर्षांची मुले बहुधा संख्येच्या रूपाने येतात. १९६५ साली ती मुले लहान होती आणि त्यांचे नुकसान अजून पुरते मोजता येण्याजोगे नव्हते, हेही त्यासोबत लक्षात घेतले पाहिजे.

या पुस्तकाची पुढील हकीकत पुस्तकाइतकीच बोलकी आहे. ते दुर्मिळ झाल्यावर १९९६ साली त्याची पुन्हा छपाई केली ती कोणा विद्यापीठाने नव्हे, तर फार्मव्हिलच्याच कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका मंडळाने. मार्था फॉरेस्टर यांच्या नावाने चालणारे हे मंडळ १९२० साली स्थापन झाले. आपल्या मुलांस वर्षातील अधिक महिने शाळा मिळावी, पुढील इयत्ता मिळाव्यात, म्हणून त्या स्त्रियांनी तेव्हापासून खटपट केली होती. १९९५ साली मोटन शाळेच्या जुन्या इमारतीचा शाळा म्हणून उपयोग संपला आणि ती विकली जाण्याची वेळ आली, तेव्हा ती वाचविण्यास पुढे सरसावल्या त्याही याच. १९९८ मध्ये इमारतीस राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि २३ एप्रिल २००१ रोजी, बहिष्कारास बरोबर पन्नास वर्षे झाल्यावर, तेथे संग्रहालय उघडले. ज्या स्त्रियांनी शाळा मागितली, त्यांच्याच संस्थेने शाळेचे पुस्तक छापले आणि शाळेची इमारतही राखली. स्थानिक इतिहासाचे जतन कोण करतो, या प्रश्नास यापेक्षा नेमके उत्तर आम्हांस दुसरीकडे सापडलेले नाही.

मेल्विन पॅट्रिक इली यांचा २००४ चा 'इस्रायल ऑन द ॲपोमॅटॉक्स' हा ग्रंथ शाळांविषयी नाही, परंतु त्यावाचून हा विषय अपुरा राहील. रिचर्ड रँडॉल्फ नावाच्या एका जमीनदाराने १७९६ साली मरताना आपले गुलाम मुक्त करावेत व त्यांस जमीन द्यावी असे मृत्युपत्र केले. त्याच्या विधवेने १८१० साली ते अमलात आणले, आणि सुमारे नव्वद माणसांनी फार्मव्हिलजवळच्या टेकडीवर आपली वस्ती केली. तिला त्यांनी इस्रायल हिल असे नाव दिले. इली यांनी काउंटीच्या न्यायकचेरीत गठ्ठे बांधून पडलेले सुटे कागद, फिर्यादी, पावत्या, साक्षी, वर्षानुवर्षे उलगडले, आणि त्यांतून दाखविले की गुलामगिरीच्या त्या मुलखात मुक्त कृष्णवर्णीय माणसे गोऱ्यांवर फिर्याद करीत, व जिंकतही. या ग्रंथास बँक्रॉफ्ट पारितोषिक मिळाले ते योग्यच झाले. गोरे लोक या मूठभरांशी बरे वागू शकले याचे कारण बाकीचे हजारो बेडीत सुरक्षित होते, हा त्यांचा निष्कर्षही मार्मिक आहे. क्वचित त्या टेकडीवरील जीवन ते थोडे अधिक उजळ रंगवितात असे वाटते. पण गठ्ठ्यांत वर्षे घालविलेल्या माणसास आपल्या माणसांचा लळा लागणारच.

इली यांच्याकडून आपण १९५९ कडे परत आलो म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. १८३० सालच्या मुक्त गुलामाने आपल्या थकलेल्या मजुरीसाठी केलेली फिर्याद त्या कचेरीत सापडते. पण १९६१ सालच्या सात वर्षांच्या मुलीचा कागद सापडत नाही. तो असणारच कोठून? शाळा चालू असेल तर हजेरीपट असतो, प्रगतिपुस्तक असते, वर्गाचे छायाचित्र असते, शिक्षकाने लाल शाईने केलेला शेरा असतो. शाळेस कुलूप लागले की मुलाच्या आयुष्यातील कागद उत्पन्न होणेच थांबते. याच्या उलट, ज्यांनी कुलूप लावले त्यांचे सर्व काही शिल्लक आहे: कारभारी मंडळाची इतिवृत्ते, अंदाजपत्रके, संपादकीय लेख, न्यायालयापुढील जबाब, खाजगी विद्यालयाचे वार्षिक अंक. केवळ अस्सल कागदांवरून इतिहास लिहावयाचा म्हटला तर ही पाच वर्षे कुलूप लावणाऱ्यांच्याच शब्दांत लिहावी लागतील. अन्याय एकदा शाळेत झाला. तो दुसऱ्यांदा दप्तरखान्यात होईल.

ही उणीव भरून काढण्याचे काही प्रयत्न वेळीच झाले, हे सुदैव. एडवर्ड पीपल्स या गोऱ्या तरुण अभ्यासकाने त्या बंद काळातच काउंटीत हिंडून शाळांच्या इमारतींची छायाचित्रे घेतली. एका बाजूस विटांच्या पक्क्या शाळा, दुसऱ्या बाजूस एकखोली लाकडी झोपड्या. आणि ती आज रिचमंडच्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणासही पाहता येतात. मिशिगनहून आलेल्या रॉबर्ट ग्रीन यांनी १९६४ मध्ये शाळेवाचून राहिलेल्या मुलांच्या शैक्षणिक स्थितीचा शास्त्रोक्त अभ्यास प्रसिद्ध केला. ड्यू बॉइस यांची रीत ती हीच: कागद नसेल तर दारात जा.

जिल ऑग्लाइन टायटस यांच्या २०११ च्या 'ब्राउन्स बॅटलग्राउंड' या ग्रंथाविषयी थोडक्यात सांगता येईल. विद्यापीठीय शिस्तीचा, भरपूर आधारांचा, विश्वासार्ह ग्रंथ. क्वेकरांनी परगावी नेलेली मुले, १९६३ च्या उन्हाळ्यात फार्मव्हिलच्या दुकानांपुढे व गोऱ्यांच्या चर्चच्या पायऱ्यांवर निदर्शने करून अटक झालेली तरुण मुले, आणि शाळा उघडल्यावरही कित्येक वर्षे सार्वजनिक शाळेस पुरेसा पैसा न मिळण्याचे राजकारण, हे सर्व त्यात नीट मांडलेले आहे. भाषा मात्र प्रबंधाची आहे. वाचकाने दम धरावा लागतो.

क्रिस्टन ग्रीन यांच्या २०१५ च्या पुस्तकाची गोष्ट निराळी. ही लेखिका गोरी, फार्मव्हिलची, आणि त्या खाजगी विद्यालयातच शिकलेली. आपल्या गावात काय घडले हे तिला मोठी होईपर्यंत कोणी सांगितले नव्हते. आणि शोध घेता घेता तिला कळले की विद्यालय स्थापन करणाऱ्यांत तिचे लाडके आजोबाही होते. घरी काम करणारी कृष्णवर्णीय बाई तिला लहानपणापासून ठाऊक होती. त्या बाईने आपल्या एकुलत्या मुलीस शिक्षणासाठी दूरच्या राज्यात पाठविले व आईलेकींची ताटातूट झाली, हे मात्र ठाऊक नव्हते. एकाच छपराखाली दोन कुटुंबांच्या दोन इतिहासांनी वर्षानुवर्षे स्वयंपाक केला आणि भांडी घासली, पण एकमेकांशी ती बोलली नाहीत. या भागात ग्रीन यांचे लिखाण अंतःकरणास भिडते. त्यांच्यावर आमचा आक्षेप एवढाच, की त्यांचा 'मी' पुष्कळदा वाट अडवून उभा राहतो. शाळेवाचून राहिलेला एखादा मनुष्य बोलू लागतो, वाचक कान देतो, तोच लेखिका आपल्यास किती लाज वाटली हे सांगू लागते. ती लाज खरी आहे, पण त्या माणसाचे बोलणे अधिक मोलाचे होते. तरीही आपल्या आजोबांविषयी असे लिहावयास जे धैर्य लागते ते मराठी कुलवृत्तांतांच्या ढिगाऱ्यात आम्हांस एकदाही आढळलेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

आता स्मरणाच्या एका दोषाकडे वळावयास हवे, कारण तो संग्रहालये व स्मारके यांच्या बाबतीत सर्वत्र दिसतो. १९५१ ची ती सोळा वर्षांची मुलगी आता देशाची वीरकन्या झाली आहे. रिचमंडच्या राजभवनाच्या आवारातील २००८ च्या स्मारकावर ती आहे. आणि वॉशिंग्टनच्या संसदगृहातील जनरल ली यांचा पुतळा २०२० मध्ये काढल्यावर त्या ठिकाणी व्हर्जिनियाच्या वतीने तिचाच पुतळा असावा असे ठरले. ज्या ली यांचे सैन्य तिच्या गावातून शेवटच्या वाटेने गेले त्यांच्या जागी ती, हा योग कोणासही रुचेल, आम्हांसही रुचला. परंतु विजयाच्या दिवसाकडे डोळे लावून बसले की त्यानंतरची पाच वर्षे अंधुक होतात. बहिष्कार हा एका सकाळचा प्रसंग आहे. त्यास नायिका आहे, सभागृह आहे, भाषण आहे. कुलुपाच्या पाच वर्षांत यापैकी काहीच नाही. तेथे फक्त रोज सकाळी उठून शाळेत न जाणारे एक मूल आहे, आणि ते चित्रित करणे कोणत्याही संग्रहालयास कठीण आहे. २००३ मध्ये काउंटीच्या शाळांनी त्या काळातील वंचितांस सन्मानपूर्वक पदव्या दिल्या व राज्याच्या विधिमंडळाने खेद व्यक्त केला. पुढील वर्षी त्यांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत त्याच 'फार्मव्हिल हेरल्ड'चे नंतरचे संपादक केन वुडली हे होते, हेही इतिहासाचेच एक वळण. परंतु सात वर्षांच्या वयात जे शिकावयाचे ते पन्नाशीत शिकणे निराळे.

बार्बरा जॉन्स यांच्या स्वतःच्या चरित्रातील एक तपशील आम्हांस त्यांच्या सर्व पुतळ्यांहून अधिक आवडतो. बहिष्कारानंतर धोका नको म्हणून त्यांस मॉन्टगोमेरी येथे चुलते व्हर्नन जॉन्स यांच्याकडे पाठविण्यात आले. पुढे त्यांनी लग्न केले, मुले वाढविली, आणि १९९१ मध्ये निधन होईपर्यंतच्या आयुष्यातील पुष्कळ वर्षे फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक शाळांत ग्रंथपाल म्हणून काढली.

जी मुले १९५९ मध्ये पहिल्या इयत्तेत जावयाची होती ती आज सत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मुलाखती संग्रहालयाने व संशोधकांनी घेतल्या आहेत. पुष्कळांच्या घ्यावयाच्या राहिल्या असतील. तोंडी साक्षीवर विसंबताना सावध राहावे, वारंवार सांगितलेली आठवण घासून गुळगुळीत होते व सर्वांची सारखीच होऊ लागते, हे आम्ही जाणतो. राजवाड्यांचा इशारा येथेही लागू आहे. म्हणून वीरश्रीच्या प्रश्नांऐवजी साधे प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवू. त्या वर्षी सप्टेंबरात सकाळी आठ वाजता तू कोठे होतास? मागील वर्षाचे पुस्तक घरात होते काय, आणि त्याचे काय झाले? गावातल्या खाजगी विद्यालयाची बस तुझ्या दारावरून कोणत्या वेळी जात असे? अशा प्रश्नांची उत्तरे एकाची दुसऱ्यासारखी नसतात, आणि ती कोणत्याही इतिवृत्तात लिहिलेली नाहीत.